भिंतीला पैसा, जमिनीला नाही

नांदेडच्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसायचो, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीतून निघणारा कागद बघूनच पुढचं कळायचं. शंभर रुपयांचा बॉण्ड, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. आत २० बाय ३० चा प्लॉट आणि चतुःसीमा. पूर्वेस लिहिलेला रस्ता फक्त कागदावरच असायचा. सातबारा मूळ शेतकऱ्याच्या नावावर, त्यावर भावकीचे हिस्से. समोर मोंढ्यातला हमाल किंवा एखादा बिगारी. भिशी उचलून, बायकोचं डोरलं मोडून, प्लॉटिंगवाल्याकडे हप्ते भरून त्यानं जागा घेतलेली. "जागा तर माझीच हाय की साहेब," तो म्हणायचा. तारण म्हणून ती आम्हाला चालत नसे.

असे प्लॉट नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. पुढे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली. पण त्याचं शुल्कही त्यानंच भरायचं. म्हणजे एका जागेसाठी दोनदा पैसे.

घरासाठी सरकारकडे योजना नाहीत असं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. अट एवढीच, की जागा आधी हवी. त्याआधीच्या, २००५ च्या नेहरू नागरी अभियानातही नांदेड होतं. शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या २००८ च्या सोहळ्याआधी शहराचं रूप पालटलं, झोपडपट्ट्यांत त्याच जागी पक्की घरं उभी राहू लागली. त्या अभियानात मात्र, ईशान्येकडची आणि डोंगरी राज्यं सोडली तर, जमिनीच्या किमतीला पैसा नव्हता. ज्याचा पाय आधीच रोवलेला, त्याला भिंती मिळाल्या. भाड्याच्या खोलीतला तसाच राहिला.

गंमत म्हणजे खेड्यात जागेला पैसा मिळतो. दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत बेघराला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळत, आता १ लाखापर्यंत मिळतात. कंधार-मुखेडचा भूमिहीन कामासाठी नांदेडात आला, की हा हक्क हद्दीबाहेरच राहतो. आणि जमीन घेणं सरकारला जमत नाही असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागेवर वसवली. त्यासाठी भूकंप व्हावा लागला, एवढंच.

तरीही शहरात हमालाच्या हातात रोख द्यावी, असं मला वाटत नाही. लाखभराची मदत जाहीर झाली, की प्लॉटिंगवाला दुसऱ्या दिवशी भाव तेवढाच चढवेल. सोलापूरच्या कामगारांचा मार्ग मला जास्त पटतो. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं कुंभारीत आधी विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग ३० हजार घरांचं रे नगर आलं. त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एकेकट्यानं गुंठा शोधण्याऐवजी संघटित होऊन शेकडो एकर एकगठ्ठा घ्यायचे.

पण कुंभारी सोलापूरच्या बाहेर आहे. विडी घरी वळता येते, पोतं घरी उचलता येत नाही. लातूरच्या आडतीत किंवा नांदेडच्या मोंढ्यात सकाळी हजर राहायचं, तर घर सायकलच्या अंतरावर हवं, आणि महाग जमीन नेमकी तिथंच आहे. म्हणून अशा कामगारांच्या सोसायटीला स्वस्त कर्ज द्यायचं, तर ते त्या जमिनीसाठी द्यावं.