छायाचित्राची साक्ष

हल्लीं आमच्या खानदेशांत ज्याच्या हातीं मोबाईल नाहीं असा तरुण विरळा. गारा पडल्या, नदीस पूर आला, वाऱ्यानें केळीची बाग आडवी झाली, कीं घटकेच्या आंत त्याचें छायाचित्र गांवोगांव फिरतें. सरकारनेंहि शेतकऱ्याच्या हातच्या छायाचित्रास कागदोपत्रीं मान दिला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हांपासून खातेदारानें आपल्या शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद त्यावरून व्हावी, असा क्रम पडला. पूर्वीं हें काम तलाठी करीत असे. म्हणजे शेतकरी आतां स्वतःच साक्षीदार झाला. आणि साक्षीदार झाला म्हणजे साक्षीदाराचा भारहि त्याच्या शिरीं आला. हवामान पालटत आहे असें जो तो म्हणतो व पुरावा म्हणून हीं चित्रें पुढें करितो. तर छायाचित्र कोणत्या गोष्टीची साक्ष देऊं शकतें, कोणत्या गोष्टीची देऊं शकत नाहीं, आणि तें काढणाऱ्यानें कोणत्या नियमानें वागावें, ह्याचा विचार आम्हीं आज योजिला आहे.

ह्याच प्रश्नाशीं आमच्या अगोदर गांठ पडली ती फार दूरच्या एका लोकसमाजाची. उत्तर अमेरिकेच्या अगदीं उत्तरेस, जेथें हिवाळ्यांत समुद्र गोठतो व त्यावरून माणसांची वाट पडते, तेथें इनुइट लोक राहतात. परके त्यांस पूर्वीं एस्किमो म्हणत. आमच्या कुणब्यास जसें मृग नक्षत्र, तसें त्यांस बर्फ. तें कोठें जाड आहे व कोठें पातळ, हें ओळखण्यावर त्यांची शिकार आणि त्यांचा जीव अवलंबून. गेल्या चार दशकांत तो प्रदेश बाकीच्या पृथ्वीहून तीन-चार पट वेगानें तापला आहे. बर्फ उशिरां धरतें, लौकर सुटतें, आणि वाडवडिलांच्या ओळखीची वाट अर्ध्यावर दगा देते.

ह्या लोकांचीं चित्रें बहुतेक परक्यांनीं काढलीं. १९२२ सालीं रॉबर्ट फ्लाहर्टी ह्या अमेरिकन गृहस्थानें ‘नानूक’ नांवाच्या शिकाऱ्याचा चित्रपट जगापुढें आणला. त्या शिकाऱ्याचें खरें नांव अल्लाकारियाल्लाक. त्याचे लोक त्या काळीं बंदूक वापरीत असतां चित्रपटांत त्याच्या हातीं भाला दिला; बर्फाच्या घरांत कॅमेऱ्यास उजेड मिळेना, म्हणून घराची एक बाजू मोकळी ठेविली. इनुइट लोकांनीं हें काम राजीखुषीनें केलें, हेंहि सांगितलें पाहिजे. पण जगानें तें सर्व खरें धरलें. पुढें १९९० सालीं झकरायस कुनुक व त्यांचे सोबती यांनीं इग्लूलिक गांवीं इसुमा नांवाची आपली चित्रसंस्था काढली. कॅमेरा आपल्या हातीं, भाषा आपली. लॅब्राडोर किनाऱ्यावरील रिगोलेट ह्या सुमारें तीनशें वस्तीच्या गांवीं २००९ पासून गांवकऱ्यांनीं स्वतः काढलेल्या छायाचित्रांस स्वतःचा आवाज जोडून बदललेल्या ऋतूंविषयीं थोडथोड्या मिनिटांच्या गोष्टी तयार केल्या.

परंतु कॅमेरा आपल्या हातीं आला म्हणजे साक्ष आपोआप खरी होते काय? कुनुक यांनीं इयन मॉरो ह्या अभ्यासकाबरोबर २०१० सालीं हवामानबदलाविषयीं इनुइट वृद्धांचें ज्ञान सांगणारा चित्रपट केला. त्यांत निरनिराळ्या गांवांचे वृद्ध एकच आश्चर्य सांगतात. सूर्य आतां पूर्वींच्या जागीं मावळत नाहीं, तारेहि सरकले आहेत. तेव्हां पृथ्वीच कलली असावी. शास्त्रज्ञांनीं हें ऐकून नाकें मुरडलीं, कारण पृथ्वी तशी कललेली नाहीं. पुढें विचार करतां असा उलगडा सुचला, कीं थंड बर्फावर ऊन हवेचे थर बसले म्हणजे प्रकाशाचे किरण वांकतात, आणि क्षितिजाजवळचा सूर्य आपल्या जागेहून हललेला दिसतो. पाण्यांत बुडविलेली काठी वांकडी दिसते, त्यांतलाच हा प्रकार. असें पूर्वींहि घडलें होतें. १५९७ च्या जानेवारींत नोवाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनीं हिवाळी रात्र संपण्याच्या सुमारें दोन आठवडे आधींच सूर्य पाहिला. खेरित द वेर यानें तें लिहून ठेविलें, आणि लोकांनीं त्यास खोटें ठरविलें. डोळ्यांनीं पाहिलेलें दोन्ही वेळां खरें होतें. वृद्धांची चूक झाली ती पाहण्यांत नव्हे, कारण लावण्यांत. म्हणून साक्षीदारानें ‘मीं हें पाहिलें’ आणि ‘मला असें वाटतें’ ह्यांच्यामध्यें बांध घालावा. बांध फुटला म्हणजे चांगलें पीकहि वाहून जातें.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीं डोंगरांत मुसळधार पाऊस होऊन तितूर व डोंगरी नद्यांचें पाणी चाळीसगांवांत व आसपासच्या खेड्यांत शिरलें. कन्नड घाटांत दरडी कोसळल्या, पुष्कळ गुरें वाहून गेलीं. त्याचीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं ते विसरणार नाहींत. पण चित्र एवढेंच सांगतें, कीं त्या दिवशीं पूर आला. पूर पूर्वीं किती वर्षांनीं येत असे व आतां किती वर्षांनीं येतो, हें त्या चित्रांत नाहीं. उन्हाळ्याचेंहि तेंच. भुसावळ-जळगांवचें ऊन आमच्या आज्यापणज्यांसहि भाजीत होतें. तापमापकाच्या पाऱ्याचें एका दिवसाचें चित्र दाखवून हवामान पालटल्याचें सिद्ध होत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांतहि एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर निकाल करीत नसत.

शिवाय चित्र खोटेंहि बोलूं शकतें. ह्याच चाळीसगांवांत केकी मूस हे पारशी कलावंत राहत असत. कित्येक दशकें ते घराबाहेर क्वचितच पडले, आणि १९८९ सालीं वारले. घरांतल्या साध्या वस्तु टेबलावर मांडून ते असा देखावा उभा करीत कीं छायाचित्रांत तो खराच भासे. ती कला होती, आणि कला म्हणूनच लोकांनीं तिचें कौतुक केलें. तेंच कौशल्य पंचनाम्याच्या दिवशीं दाखविलें तर त्यास निराळें नांव द्यावें लागेल.

येथें गोष्ट नाजूक होते. वावटळीनंतर ज्याच्या दहा केळी पडल्या तो, जेथें सगळ्या पडल्या आहेत अशा शेजाऱ्याच्या बांधावर उभा राहून चित्र काढतो. दुसरा मागच्या वर्षींचें चित्र यंदाचें म्हणून धाडितो. ‘सरकारचें जातें, कोणा गरिबाचें नाहीं,’ असें समर्थन आम्हीं ऐकिलें आहे. तें टिकणारें नाहीं. चार चित्रें खोटीं निघालीं म्हणजे अंमलदार पांचव्यावरहि विश्वास ठेवीत नाहीं, आणि तो पांचवा बहुधा विधवा किंवा खरा बुडालेला कुणबी असतो. नववी आज्ञा शेजाऱ्याविषयीं आहे, आणि येथें नुकसान होतें तें त्याचेंच.

याहून अवघड असा एक खरेपणा आहे. आटलेल्या विहिरीचें चित्र पाहून आम्ही आभाळास दोष देतों. पण यावल-रावेरकडे भूजल वर्षानुवर्षें खालीं गेलें, त्यांत विंधन विहिरींचा आणि केळीच्या तहानेचा वांटा मोठा आहे. तो वांटा ज्या चित्रांत झांकला जातो तें खोटें नसलें तरी अर्धें आहे. ह्याचा अर्थ सारा दोष कुणब्याचा असा नव्हे. जग तापलें तें मुख्यतः श्रीमंत देशांच्या कोळशानें व तेलानें. सातपुड्यांतल्या पावऱ्यानें आणि इग्लूलिकच्या शिकाऱ्यानें त्यांत फारच थोडें घातलें. २००५ सालीं शीला वॉट-क्लूटिए ह्या इनुइट बाईंनीं इतर इनुइटांसह अमेरिकेविरुद्ध मानवी हक्कांच्या आयोगाकडे अर्ज केला. शिकाऱ्यांच्या व वृद्धांच्या साक्षी त्यांत होत्या. आयोगानें दिलेल्या माहितीवरून हक्कभंग झाला कीं नाहीं हें ठरवितां येत नाहीं असें कळवून अर्ज पुढें चालविला नाहीं. आम्हांस तो निर्णय कोता वाटतो. तथापि बलवानाविरुद्ध साक्ष देणाऱ्याची उलटतपासणी अधिक कडक होते, हें त्यावरून दिसतें.

दुसऱ्याचें दुःख टिपणें योग्य काय, हाहि एक प्रश्न आहे. १८७६–७८ च्या मद्रासकडील दुष्काळांत हूपर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें उपाशी माणसांस रांगेंत बसवून छायाचित्रें घेतलीं. तीं पाहून आजहि लाज वाटते. उलट १९०० च्या दुष्काळाचीं चित्रें न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ पत्रांत छापलीं गेलीं, वर्गणी जमली, आणि क्विटो नांवाच्या जहाजांतून मका मुंबईस आला. ज्यांनीं तो खाल्ला त्यांनीं चित्रास दोष दिला नसेल. आमचें मत असें, कीं ज्याचें चित्र त्यास विचारून काढावें, तें कोठें जाणार हें त्यास सांगावें, आणि तो नको म्हणाला तर मोबाईल खिशांत ठेवावा.

तर मग आमच्या तरुणांनीं काय करावें? लॅब्राडोरांत मोरेव्हियन मिशनऱ्यांनीं १७७१ सालीं नेन येथें ठाणें घातलें, आणि त्या किनाऱ्यावरील त्यांच्या ठाण्यांत उष्णमान व हवा ह्यांच्या नोंदी होत गेल्या. लिहिणाऱ्यांस त्यांत फारसें मोल दिसलें नसेल. आज शास्त्रज्ञ त्या धुंडाळतात. तशी वही आमच्या गांवींहि ठेवतां येईल. गांवची एक विहीर निवडावी. दर वर्षीं मृग लागतो त्या दिवशीं आणि पुनः दिवाळीस, त्याच काठावरून, त्याच बाजूस तोंड करून तिचें छायाचित्र घ्यावें, आणि दोरानें पाण्याची खोली मोजून लिहावी. मोह केव्हां फुलला, पेरणी कितीदां करावी लागली, हेंहि लिहावें. म्हाताऱ्यांस त्यांच्या अहिराणींत, भिलींत, पावरींत बोलूं द्यावें व तें बोलणें जसेंच्या तसें टिपावें. आपला तर्क निराळ्या पानावर असावा. ज्या वर्षीं विहीर तुडुंब भरली त्या वर्षींचें चित्र कंटाळ्यानें वगळूं नये. उपदेशक बंधूंनीं ही वही सुरू करण्यास हात द्यावा, पण ती ठेवावी गांवांतल्या एखाद्या तरुण-तरुणीच्या स्वाधीन. कारण उपदेशकाची बदली होते, आणि वही त्याच्या ट्रंकेंतून दुसऱ्या गांवीं गेली तर विहीर येथें राहील व तिची साक्ष तेथें.