ज्या शाळेत आपली मुले नाहीत



आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या अनेकांनी मुळाक्षरे गिरवली ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. वसईतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची चूल तिथल्या मास्तरांच्या नाहीतर बाईंच्या पगारावर पेटली. आज आपली नातवंडे इंग्रजी माध्यमात जातात. त्यात गैर काही नाही. मुलांसाठी शाळा निवडण्याचा हक्क आईवडिलांचा आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. मुले काढून घेतली की त्या शाळेशी असलेले आपले नातेही संपते का?

कौलांच्या त्या शाळांत आता बहुतांशी पाड्यांवरची आणि मजुरांची मुले बसतात. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. सरकारी शाळेचा दर्जा घसरू लागला की ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड असते, तेच पालक आधी बाहेर पडतात. म्हणजे जे भांडले असते तेच निघून जातात. मागे राहतात ते रोजंदारी बुडवून सभेला येऊ न शकणारे. मग छप्पर गळते, शिक्षकाची जागा रिकामी राहते आणि कोणाचाही आवाज चढत नाही. आपण नुसती मुलेच नेली नाहीत, शाळेचा आवाजही नेला.

पैशाचेच पाहू. समग्र शिक्षा योजनेत २०२१ नंतरच्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. महिन्याला साडेआठशेही नाहीत! त्यात खडू, दुरुस्ती, साफसफाई, विजेचे बिल. पट घटला की अनुदान घटते, अनुदान घटले की शाळा ओसाड दिसते आणि ओसाड शाळेत मूल कोण घालील? शिक्षकांचे पगार वेगळे येतात, हे खरे; पण भिंतीची ओल पगाराने जात नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी तक्रार केली होती की महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आपल्या घरपट्टीच्या बिलातही ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. ती आपण भरतो, पण त्या पैशाचे पुढे काय होते हे विचारत नाही.

विचारायचे तरी कोणाला? २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तरी प्राथमिक शाळा त्यानंतर दशकाहून अधिक काळ जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. कर एकीकडे, शाळा दुसरीकडे. जे काम खालची, जवळची संस्था करू शकते ते वरच्या संस्थेने आपल्याकडे ओढू नये, असे अकराव्या पायस यांनी १९३१ साली लिहिले. त्याची दुसरी बाजू आपण विसरतो. जवळच्यांनी हात झटकले, तर वरच्यांना दोष देण्याचा अधिकार राहत नाही.

इथे आम्हाला थोडे अवघड बोलावे लागते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांना पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्यातून सुटल्या. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका उपस्थित करून तो फेरविचारासाठी पुढे पाठवला. अल्पसंख्याकांचा हक्क खरा आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण तो हक्क आपल्या संस्था आपल्या पद्धतीने चालवण्यासाठी आहे, दारातल्या गरिबाचे मूल टाळण्यासाठी नव्हे. कायद्याने सुटलेला माणूस सदसद्विवेकबुद्धीपुढेही सुटतोच असे नाही.

मग करायचे काय? त्याच कायद्याच्या २१व्या कलमाखाली प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा, अनुदानाचा खर्च तिने तपासायचा. पालकांव्यतिरिक्तच्या जागांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही स्थान आहे. आराखडा नीट लिहिला नाही, तर वर मागायला कागदच राहत नाही. आणि तो लिहायला पाड्यावरच्या आईला कोणीतरी सोबत लागते. जिथे ग्रामपंचायत आहे, तिथे शाळेची मागणी ग्रामसभेत मांडता येते. बोलायचे ते तिथे, चहाच्या टपरीवर नव्हे.

आपल्या धर्मग्रामात निवृत्त प्राथमिक शिक्षकांची वाण नाही. पटनोंदणी, शिक्का, अनुदानाचे हिशेब यांत त्यांचे आयुष्य गेले. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्यांपैकी चौघीपाचजणी जरी पाळकगृहात आल्या, तर शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून समितीची पुढची सभा कधी आहे ते कळवू.