त्या वर्षांचा खर्च

बेळगावकडच्या गुर्लहोसूर या खेड्यातला सोळा वर्षांचा एक मुलगा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. थोरले भाऊ रामूअण्णा यांनी पैशाची जबाबदारी घेतली, म्हणून तो मुंबई गाठू शकला. दोन वर्षांनी लक्षात आले, की काही रंगांमधला फरक त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. मुलगा घरी परतला असता तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. वडिलांचेच खरे ठरले असते. पण त्याने रंग सोडले आणि रेष धरून ठेवली. यंत्रांच्या आरेखनाला रंग लागत नाहीत. त्या कामात त्याचा हात इतका बसला, की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो हाच विषय शिकवू लागला आणि शिकवता शिकवता तिथली यंत्रेही हाताळू लागला. पुढे लोखंडी नांगर घडवणारे आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर ते हेच.

कलावंतांची आणि संशोधकांची बालपणे आपण एका ठरलेल्या रीतीने सांगतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आधी मनात असते आणि मग तिला साजेसे प्रसंग गोळा केले जातात: भिंतीवर काढलेले चित्र, मोडून पुन्हा जोडलेले घड्याळ, शिक्षकांना निरुत्तर करणारा प्रश्न. चित्र आणि घड्याळ खरेही असेल, पण भिंतीवर चित्रे काढणारी आणि घड्याळे मोडणारी मुले घरोघर असतात. त्यांतले एखादेच पुढे का जाते, याचे उत्तर पाळण्यात मिळत नाही. ते शोधायला माणसाच्या पंधराव्या ते पस्तिसाव्या वर्षांमधल्या काळाकडे पाहावे लागते. हातून ठोस काही घडत नाही, नातलग चिंता करतात आणि उत्पन्न शून्य असते, असा तो काळ असतो. माझ्या मते कोणत्याही सर्जनशील माणसाच्या चरित्राला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच आहे: वाया गेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या वर्षांचा खर्च कुणी सोसला?

लक्ष्मणराव जे. जे.मध्ये आले त्याच वर्षी त्र्यंबकेश्वरचा आणखी एक मुलगा तिथे शिकायला आला. धुंडिराज गोविंद फाळके पंधरा वर्षांचा होता. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात नेमणूक झाल्यामुळे कुटुंब मुंबईत आलेले. पुढची पंचवीस वर्षे या माणसाने काय केले त्याची नुसती यादी पाहावी. जे. जे.नंतर थोरल्या भावाबरोबर बडोदा. तिथे सयाजीराव गायकवाडांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना छपाईचे ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले आणि परतल्यावर कलाभवनाचा फोटो स्टुडिओ वापरायला दिला. मग गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. त्यानंतर जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्यात छापखाना, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम, दादरला स्थलांतर, यंत्रे आणायला जर्मनीची वारी आणि शेवटी भागीदारांशी फारकत. चाळिशीला आलेल्या या गृहस्थाकडे पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

आणि मग गिरगावातल्या एका सिनेमागृहात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. तो पाहताना त्यांना राम-कृष्णांची चरित्रे पडद्यावर दिसू लागली, हा प्रसंग आपण फार आवडीने सांगतो. त्या दिवसाचे मोल मी नाकारत नाही. पण तो चित्रपट पाहणारे फाळके काही एकटे नव्हते. पडद्यावरची जादू पाहून ‘हे मी करू शकेन’ असे त्यांना वाटले, कारण त्या जादूचा एकेक तुकडा त्यांच्या हाताखालून आधीच गेला होता. भिंग, अंधारखोली, रसायने, देखावे रंगवणे, मूर्ती घडवणे, नजरबंदी: चित्रपटाला लागणारे जवळजवळ सगळे हुन्नर या एका माणसाजवळ जमा झालेले होते. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ही इवलीशी चित्रफीत पाहून पैसा लावायला माणसे तयार झाली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. भाराभर चिंध्यांची गोधडी शिवून झाली होती.

या सगळ्यासाठी फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गेले. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, ती धुणे आणि चित्रपटाच्या एवढ्या मंडळींचा रोजचा स्वयंपाक ही सगळी कामे सरस्वतीबाईंनी केली. फाळक्यांच्या घडणीत गज्जरांची उदारता जितकी आहे, तितकेच सरस्वतीबाईंचे जागरण आहे.

तिसरे उदाहरण कोल्हापूरचे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री १८९० साली कारागिरांच्या घरात जन्मले. घरात वडिलांच्या हाताला कोरीवकामाची, रंगकामाची सवय होती. शाळेची विद्या बेताचीच, पण चुलत भाऊ आनंदराव यांच्या सोबतीने बाबूराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि ‘पेंटर’ हे आडनाव त्यांना कायमचे चिकटले. पडदा रंगवणाऱ्याला खोली म्हणजे काय ते कळते. सपाट कापडावर महाल, अरण्य, रस्ता कसा भासवायचा, उजेड कुठून पडला तर तो खरा वाटेल, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. सिनेमाचे वेड लागल्यावर या दोघा भावांनी कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. आनंदराव १९१६मध्ये वारले; कॅमेरा अपुराच राहिला. बाबूरावांनी सहकारी दामले यांच्या साथीने तो १९१८पर्यंत पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा करून दिला, म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी चालू शकली आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. त्या कंपनीत पडेल ते काम करत दामले, फत्तेलाल आणि शांताराम वाढले. पुढे त्यांनीच प्रभात फिल्म कंपनी उभारली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तेव्हा त्यामागे कोल्हापुरातल्या एका रंगशाळेची वीस-पंचवीस वर्षे उभी होती.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आधार कशाला हवा? हालअपेष्टांतूनच माणूस घडतो, असे म्हणणारे लंडनच्या मायकेल फॅरेडेचा दाखला देतात. लोहाराच्या घरात जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि पुढे विजेच्या शास्त्राचा पाया घालणारा शास्त्रज्ञ झाला. हे सगळे खरे आहे. पण त्याच गोष्टीचा उरलेला भाग असा: दुकानाचे मालक रिबो यांनी त्याला बांधणीला आलेली पुस्तके वाचू दिली. विज्ञानाच्या व्याख्यानांचा दर एक शिलिंग होता. ते पैसे लोहारकाम करणारा थोरला भाऊ देत असे. हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिली. फॅरेडेने त्या व्याख्यानांची टिपणे स्वच्छ लिहून, स्वतःच बांधून डेव्हीला पाठवली आणि दार उघडले. बांधणीचे शिक्षणही वाया गेले नाही. गरिबीने फॅरेडेला घडवले असे म्हणणे म्हणजे त्या भावाचा शिलिंग विसरणे होय. गरिबी बहुतेकांना नुसती गाडते. ज्यांना गाडू शकत नाही, त्यांच्या मागे कुणाचा तरी हात असतो.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. आधार पुष्कळांना मिळतो. त्यातून फाळके सगळे होत नाहीत. मान्य. जिद्द आणि प्रतिभा बाहेरून ओतता येत नाहीत. लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत असताना लोखंडी नांगर घेऊन त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य लक्ष्मणरावांचे स्वतःचेच होते. पण प्रतिभा आपल्या हाती नाही, म्हणून जे हाती आहे तेही सोडून द्यायचे का? बियाण्यावर शेतकऱ्याची सत्ता चालत नाही; तरीही तो मशागत टाळत नाही.

या तिन्ही मराठी उदाहरणांत मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या समाजाने अक्षर एकाकडे आणि अवजार दुसऱ्याकडे, अशी जन्मानेच वाटणी करून ठेवली होती. पोथी वाचणाऱ्याने हातोडा धरायचा नाही आणि हातोडा धरणाऱ्याला पोथी द्यायची नाही. शास्त्र्यांचा मुलगा रसायनांत हात बुडवतो, ब्राह्मण घरातला तरुण लोखंड घडवतो आणि कारागिराच्या घरातला मुलगा स्वतःच कॅमेरा बनवून त्यातून कथा सांगतो, तेव्हा ही वाटणी मोडते. जे. जे., कलाभवन, नाटक मंडळीची रंगशाळा अशा ठिकाणी त्या भिंतीला थोडी फट पडली. तेवढ्या फटीतून एवढे आले. किर्लोस्करवाडीसाठी जागा देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हेही मला योगायोग वाटत नाही. हाताच्या कामाची किंमत ज्याला कळते, तोच दुसऱ्याच्या हातावर विश्वास टाकतो.

फट मात्र सर्वांसाठी पडली नाही. आनंदराव, गज्जर, रामूअण्णा यांच्यासारखे पाठीराखे मुलांना मिळाले. सरस्वतीबाईंच्या वर्षांचा खर्च कुणी सोसला नाही. त्या दुसऱ्याच्याच वर्षांचा खर्च सोसत राहिल्या. तानीबाईंनी पैसा दिला आणि पडद्यावरचे नाव इतरांचे झाले. किती प्रतिभा पाळण्यात नव्हे, चुलीपाशी संपली, याचा हिशेब आपल्या चरित्रग्रंथांत मांडलेला नाही. तो मांडल्याखेरीज ‘महाराष्ट्राने प्रतिभावंत घडवले’ हे वाक्य अर्धेच राहील.

आज काय आहे? वार्षिक परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दहावीला चार गुण वाढावेत म्हणून दिल्या जातात आणि गुण पडले की ब्रश माळ्यावर जातो. अठराव्या वर्षी शाखा ठरते, बाविसाव्या वर्षी नोकरी, आणि मध्ये एक वर्ष जरी मोकळे राहिले तरी घरात सुतक पडते. पंचवीस वर्षांत आठ-दहा उद्योग करणाऱ्या फाळक्यांना आजच्या किती घरांत जेवायला वाढले गेले असते, हा प्रश्न मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो.

म्हणून पालकांना आणि शाळा चालवणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. मुलाचे पाय पाळण्यात शोधू नका. त्याला अवजारे द्या आणि ती हाताळू द्या. एक वाट बंद झाली तर शेजारची दाखवा. रंग कळत नसतील तर रेष आहे. मुलीच्या वाट्याला हे सगळे तितकेच येते आहे ना, ते रोज तपासा. आणि आपल्या घरात कुणी भाराभर चिंध्या गोळा करत बसले असेल, तर त्याला किंवा तिला आणखी एक वर्ष द्या. लक्ष्मणरावांना ते रामूअण्णांनी दिले होते.