रफू

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची मुद्रितं तपासायला मी डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. दुकान म्हणजे वाड्याच्या जिन्याखालची दहा बाय दहाची खोली. संगणक दोन, पंखा एक. दुकानवाले काका पेजमेकरच्या काळापासूनचे. इनडिझाइनवर बसणारा मुलगा नवा, पण हात भलताच चलाख.

मुखपृष्ठावर संस्थापक गुरुजींचा फोटो जायचा होता. त्यांच्या कन्येने, म्हणजे आमच्या निवृत्त बाईंनी, घरचा कृष्णधवल फोटो आणून दिला होता. चार इंच रुंद, कडा पिवळ्या पडलेल्या. मुलाने तो 600 डीपीआयला स्कॅन केला, पानावर आठ इंच रुंद लावला, आणि पाहतो तर गुरुजींच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन.

"फोटो फाटतोय," तो म्हणाला. काका छापखान्यात गेले होते. मग त्याने बाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला तोच फोटो मागवून घेतला. पानावर तो बरा दिसला, पण लिंक्सच्या पॅनेलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआय, म्हणजे पानावरच्या इंचाला ठिपके, 100. छपाईला 300 लागतात, एवढं त्याला पाठ होतं. फोटोशॉपमध्ये 800 पिक्सेलची रुंदी 2400 केली, डाग पुसले, वरून शार्पन मारलं. आकडा बरोबर 300 झाला.

"नाना दहा वर्षांनी लहान दिसतायत!" बाई खूष झाल्या आणि घरी गेल्या. मीही मान डोलावली. माझा जीव ऱ्हस्वदीर्घात.

संध्याकाळी काका आले. चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं.

"हे गुरुजी मेणाचे कोणी केले?"

"काका, इफेक्टिव्ह 300 आहे, बघा ना."

"मूळ रुंदी किती होती?"

"आठशे."

"म्हणजे आडवे तिप्पट, उभे तिप्पट. एका ठिपक्याचे नऊ झाले. त्यातले आठ कुठून आणलेस?"

मुलगा गप्प.

"शेरभर ताकात आठ शेर पाणी घातलं की माप भरतं रे. पिणाऱ्याला कळतं."

"पण स्कॅन तर फाटत होता!"

काकांनी स्कॅन परत पानावर लावला. चौकोन हजर. मग व्ह्यू मेनूत जाऊन डिस्प्ले परफॉर्मन्समधलं हाय क्वालिटी डिस्प्ले निवडलं. दोन क्षण पडदा अडखळला आणि चौकोन विरघळले. भुवईचा केस न् केस दिसू लागला. संगणकावर भार नको म्हणून इनडिझाइन पानावर फोटोची हलकी नक्कल दाखवतं. मूळ फाइल बाहेर फोल्डरमध्ये असते, पानाशी लिंकने जोडलेली, आणि छपाईची पीडीएफ करताना तीच घेतली जाते. लिंक तुटलेली असली तर मात्र ती नक्कलच छापली जाते. एका लग्नपत्रिकेतल्या गणपतीचं तसं झालेलं काकांना अजून बोचतं. इथे लिंक शाबूत होती. चार इंचांत 600 प्रमाणे 2400 ठिपके, ते आठ इंचांवर पसरले, तरी इंचाला 300. सगळे गुरुजींच्याच फोटोतले.

"मग मी दुपारभर काय दुरुस्त करत होतो?" मुलाने विचारलं.

काका काही बोलले नाहीत. दुपारची फाइल त्यांनी पुसली नाही, दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून त्याच्यासमोर भिंतीला डकवले.

स्मरणिका वेळेत आली. बाईंनी प्रत हातात घेतली, चष्मा पुसला, आणि बोट गुरुजींच्या कोटाच्या डाव्या खिशावर ठेवलं. तिथे बारीक, उभ्या-आडव्या धाग्यांचं रफू होतं. दुपारच्या फोटोत ते डागांबरोबर पुसलं गेलं होतं.

"हे आईने केलं होतं," त्या म्हणाल्या.