मनातला शब्द ओठांवर येऊ द्या



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायला लावल्या. उघड उच्चारलेला शब्द माणसाला बांधून ठेवतो. आपल्या मंगल परिणयातही वधूवर प्रतिज्ञा घेतात. परंतु पुढे संसारात तो शब्द पुन्हा कितीदा उच्चारला जातो?

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या उपासक दांपत्याची कथा आहे. नकुलपिता फार आजारी पडला. तेव्हा नकुलमातेने त्याला स्पष्ट सांगितले, की चिंता घेऊन मरू नका. मी सूत कातीन, लोकर विंचरीन, मुले सांभाळीन, दुसरे घर करणार नाही, धम्म सोडणार नाही. ते ऐकताच त्याचे दुखणे उतरले. अशी हितचिंतक पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

पण शब्द एकट्या स्त्रीनेच द्यायचा नाही. सिगालोवाद सुत्तात पतीचीही पाच कर्तव्ये आहेत. पत्नीचा मान राखावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, दागिने द्यावेत.

तेव्हा उपासकांनो, आज घरी गेल्यावर पत्नीला तोंडाने सांगा, "मी तुझ्यासोबत आहे." आणि उद्या तसे वागून दाखवा. न बोललेल्या निष्ठेत संशय शिरतो. न पाळलेला शब्द घर मोडतो.

जय भीम!