चारांतला एक

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात लष्करभरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटरच्या धावण्याला नुसते ‘सोळाशे’ म्हणतात. साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे निघाले की पूर्ण साठ गुण. बीमवर दहा पुलअप काढले की चाळीस. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग तोल यांना गुण नाहीत, ते नुसते पार करायचे. कापूस आणि मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणाऱ्या या पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात. कुणाचे ग्राउंड हुकले तर तो नशिबाला बोल लावतो, पण मापाला नाही. घड्याळ सगळ्यांना सारखेच असते.

आत गेल्यावर चार वर्षांनी दुसरी निवड होते, आणि तिथे घड्याळ नसते.

14 जून 2022 रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांना चार वर्षांसाठी घ्यायचे आणि मुदत संपली की जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना कायम करायचे, अशी तिची रचना. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये ठरले. त्यातले 9,000 सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढीच रक्कम स्वतःची घालते, म्हणजे हातात 21,000 पडतात. चौथ्या वर्षी पगार 40,000 वर जातो आणि बाहेर पडताना व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे कॅन्टीनचे कार्ड नाही आणि माजी सैनिकांसाठीची दवाखान्याची सोयही नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण 2022 संपता संपता सुरू झाले, म्हणजे 2026 संपता संपता तिचा निकाल लागायचा.

योजनेच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे पोकळ नाहीत. सैन्याचे सरासरी वय खाली यावे आणि पेन्शनवर जाणारा पैसा शस्त्रांकडे वळावा, हा विचार जगातल्या अनेक सैन्यांनी केला आहे. पण सैनिकाचे कसब टिकवायचे असेल तर त्याला दोन प्रश्नांची उत्तरे आधीच ठाऊक असावी लागतात. आपण पडलो तर घराचे काय होणार? आणि आपल्याला ठेवायचे की नाही हे कोण, कशावरून ठरवणार? बुलढाणा जिल्ह्याला या दोन्ही प्रश्नांची ओळख फार जुनी आहे.

पहिल्या प्रश्नाचे ताजे उत्तर घाटावर मिळाले. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जावे आणि तिथून पुढे पिंपळगाव सराई गाठावी. सैलानी बाबांच्या यात्रेसाठी राज्यभर ठाऊक असलेले हे गाव. इथले अक्षय लक्ष्मण गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावले. अशा आघाडीवर प्राण देणारे ते पहिले अग्निवीर म्हणून देशभर बातमी झाली आणि भरपाईवरून राजकीय वाद पेटला. तेव्हा लष्कराने हिशेब जाहीर केला. विम्याचे 48 लाख, सानुग्रह 44 लाख, चार वर्षे पूर्ण होईपर्यंतचा उरलेला पगार म्हणजे 13 लाखांहून अधिक, युद्धहानी निधीतून 8 लाख आणि सेवा निधीतला त्यांचा व सरकारचा वाटा.

एक कोटीच्या वरची ही रक्कम लहान म्हणता येणार नाही. या हिशेबात नाही ते दरमहा येणारे कुटुंब निवृत्तिवेतन. त्याच चौकीवर, त्याच थंडीत कायम सेवेतला जवान गेला असता तर त्याच्या घरी ते आले असते. कोरडवाहू शेतीच्या भागात या फरकाचे वजन मोठे असते. एकरकमी पैशाला घराच्या सगळ्या गरजा एकदम वाटेकरी होतात. दर महिन्याला येणारा पैसा म्हाताऱ्या आईबापांना शेवटपर्यंत पुरतो. मृत्यूच्या जागी दोन जवानांमध्ये भेद करता येत नाही, मग मागे राहिलेल्यांमध्ये तो का असावा, याचे पटणारे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

दुसरा प्रश्न, ठेवायचे की नाही हे कोण ठरवणार हा, शिवाजी महाराजांनी पाहिला तो आजोळच्या रक्तातून. याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचे लखुजीराव जाधव हे निजामशाहीतले मातब्बर सरदार. मधल्या काळात ते मुघलांकडे गेले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत ते मुघलांच्या बाजूने, तर जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने उभे होते. पुढे लखुजीराव पुन्हा निजामशाहीत आले. दरबाराने त्यांना घेतले, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, भर दरबारात, दोन मुले आणि एका नातवासह त्यांना ठार करण्यात आले. शहाजीराजांनी निजामशाही सोडली. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. आणि 1636 मध्ये निजामशाहीच संपली. मुघलांचा रेटा तर होताच, पण ज्या दरबारात निष्ठेचा निवाडा दगाफटक्याने होतो तिथे शहाणा सेनानी थांबत नाही, हेही त्या सात वर्षांत दिसले.

महाराजांनी सैन्याची घडी घातली ती याच्या अगदी उलट. मुलूख तोडून देण्याऐवजी रोख वेतन, शक्यतो सरकारी घोड्यावरचा बारगीर, आणि लुटीतली चीजवस्तू हिशेबाने सरकारजमा. अफजलखानाच्या प्रसंगानंतर काय झाले ते कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत नोंदवले आहे. जे पडले त्यांच्या मुलांचे चालवावे, मुलगा नसेल तर बायकोला निम्मे वेतन द्यावे, जखमींना जखम पाहून होन द्यावेत. मान बड्या सरदारांना मिळालाच, पण निम्मे वेतन ज्या घरी जायचे ते घर साध्या माणसाचे होते. बखर महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. राज्य कसेबसे तग धरून असताना लेखकाला ही तरतूद आठवावी आणि कागदावर उतरवावीशी वाटावी, यावरून तिची ख्याती कळते.

तरीही महाराजांच्या हातूनही माणसे निसटली. पन्हाळ्याच्या 1666 च्या हल्ल्यात नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, म्हणून त्यांना सरनौबतीवरून दूर केल्याचे सभासद सांगतो. ज्याला लोक प्रतिशिवाजी म्हणत तो सेनानी आधी विजापूरकरांकडे गेला आणि मग मिर्झाराजांनी त्याला पाच हजारी मनसब देऊन मुघलांकडे ओढले. आग्र्याहून महाराज निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करवले, धर्मांतर करायला लावले आणि काबूलकडे धाडले. 1676 मध्ये ते परत आले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. बड्या मनसबदारीची चव घेतलेला आणि शत्रूच्या गोटात दहा वर्षे काढलेला सेनानी परत रायगडाकडे वळतो, यात महाराजांच्या न्यायाबद्दलचा विश्वास आहे. शिक्षा कडक होती, पण ती कशासाठी झाली हे शिक्षा भोगणाऱ्याला कळत होते. लखुजीरावांना तेवढेही कळू दिले नव्हते.

राजाराम महाराजांच्या काळात माणसे टिकवण्यासाठी दुसरा उपाय करावा लागला. मुघल मनसबी आणि वतनांचे आमिष दाखवत होते, तेव्हा स्वराज्यालाही वतने आणि सरंजाम द्यावे लागले. त्याने लढा तगला, हे खरेच. पण ज्याला मुलूख मिळाला त्याची नजर मुलखावर खिळली, आणि या वृत्तीचा धोका रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात परखडपणे मांडला. बक्षीस मोठे झाले म्हणून माणूस टिकतोच असे नाही. कधी तो आपले बक्षीसच राखत बसतो.

स्वातंत्र्यानंतरचे एक मराठी उदाहरण वरच्या पदांचे आहे. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तीन भारतीय बटालियनप्रमुखांना डीएसओ हे शौर्यपदक मिळाले. थोरात त्यांतले एक, थिमय्या दुसरे. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेतला. चीनने ईशान्येकडून हल्ला केला तर काय होईल आणि आपल्याकडे किती तुकड्या कमी पडतील, याचा तो रोखठोक हिशेब होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. 1961 मध्ये नवा लष्करप्रमुख नेमताना मावळते प्रमुख थिमय्यांची पसंती थोरातांना होती, पण नेमणूक थापर यांची झाली आणि थोरात निवृत्त झाले. दीड वर्षात युद्ध आले आणि यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावे लागले.

थोरात प्रमुख असते तर 1962 टळले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. सामग्री आणि रस्ते एका माणसाने वर्षात उभे राहत नाहीत. त्या निवडीने खालच्या अधिकाऱ्यांना काय सांगितले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. अप्रिय अहवाल लिहिणारा मागे राहिला. त्यानंतर नकाशासमोर उभ्या राहिलेल्या एखाद्या कर्नलने खरा आकडा सांगण्याआधी दोनदा विचार केला असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

नेमके हेच ओझे आता अगदी तळाशी, दहा जणांच्या सेक्शनमध्ये उतरते आहे. चारांतला एक ठेवायचा तर चारही वर्षांच्या कामगिरीचे मूल्यमापन होणार, आणि ते निःपक्ष व पारदर्शक असेल असे सरकार सांगते. धावणे आणि नेमबाजी मोजता येते. पण हिमनदीवर गस्त निघते तेव्हा माणसे एका दोराने बांधलेली असतात, आणि पुढचा भेगेत घसरला तर मागचे त्याला तोलून धरतात. त्या क्षणी दोर धरणारा आणि घसरणारा एकाच जागेसाठी स्पर्धेत असतील तर? बहुतेक पोरं त्याही वेळी जीव लावूनच दोर धरतील. तरी ज्याने सोबत्याला सावरले त्याचे श्रेय कागदावर उतरेल की नाही, हे सुभेदाराच्या आणि कंपनी कमांडरच्या प्रामाणिकपणावर राहते. साहेबाच्या पुढे पुढे करणारा आणि साहेबाची चूक दाखवणारा, या दोघांत कोण कायम झाला ते बराकीत त्याच संध्याकाळी कळते, आणि पुढची तुकडी त्यावरूनच वागायला शिकते.

म्हणून पंचवीस टक्क्यांचा आकडा पन्नास करावा की नाही, यापेक्षा निकष उघड असणे अधिक निकडीचे आहे. प्रत्येक अग्निवीराला दरवर्षी त्याचे गुण दाखवावेत, कुठे कमी पडला ते सांगावे, आणि नाकारलेल्याला आपल्या युनिटबाहेरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता यावी. यासाठी तिजोरीवर मोठा भार पडत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाला मात्र पैसा लागेल. तो कर्तव्यावर मरण पावलेल्यांपुरता तरी द्यायलाच हवा.

उरलेल्या तिघांचेही पाहावे लागेल. केंद्रीय सशस्त्र दलांत माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा राखण्याची घोषणा 2022 मध्येच झाली. मोताळ्यातल्या पोरांना ती वाट परकी नाही. शेजारच्या मलकापूरचा आणि लोणार तालुक्यातला असे दोन सीआरपीएफ जवान 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात गेले, ते अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. पण राखीव जागांत सगळे मावणार नाहीत. बाविशी-पंचविशीतली ही मुले गावी येतील तेव्हा त्यांच्याकडे रेडिओ संच, वाहने, प्रथमोपचार, बर्फातला बचाव यांचे शिक्षण असेल आणि बँकेत दहा-बारा लाख असतील. बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले तर माजी सैनिक म्हणून त्यांची नोंद होणार नाही, कारण नियमाने ते माजी सैनिक नाहीत. तालुक्यातली आयटीआय, एसटीची कार्यशाळा, महावितरण, आपत्ती व्यवस्थापनाची पथके यांपैकी कोण त्यांचे कसब कोणत्या प्रमाणपत्रावर मान्य करणार, हे पहिली तुकडी घरी पोचण्याआधी राज्य सरकारने लेखी ठरवायला हवे.