फकिराचे दागिने

सुफी फकिराच्या अंगावरच्या दागिन्यांत सोने जवळजवळ नसतेच. मनगटात लोखंडाचे किंवा पितळेचे कडे, गळ्यात अकीक वा काचेच्या मण्यांचा कंठा, हातात तसबीह म्हणजे जपमाळ, बोटात खड्याची चांदीची अंगठी, दंडाला ताईत, आणि काही पंथांत पायात साखळी किंवा हातांत बांगड्या, एवढाच हा साज. नागपूरला ताजुद्दीन बाबांच्या (१८६१–१९२५) दर्ग्यावरच्या उरुसात आणि वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांच्या स्थानी असे फकीर येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलजिल्हे सुफींची मोठी केंद्रे कधीच नव्हते. फकीर तिथे बहुधा बाहेरूनच पोचला. संसारी माणसाच्या दागिन्यावरून त्याच्याजवळ काय आहे ते कळते. फकिराच्या दागिन्यावरून तो कोणाचा आहे ते कळते. स्वतःवर ज्याचा हक्क उरलेला नाही अशा माणसांच्या खुणा त्याने मुद्दाम उचलल्या आहेत: गुलामाची कडी, कैद्याची साखळी, नववधूच्या बांगड्या.

यातला सर्वांत बोलका धातू लोखंड. इस्लामी धर्मशास्त्राने पुरुषाला सोने आणि रेशीम वर्ज्य ठरवले, चांदीच्या अंगठीला मुभा दिली. लोखंडाबद्दल मात्र शास्त्रकारांचे एकमत नाही. एका हदीसमध्ये लोखंडी अंगठीला नरकवासीयांचा दागिना म्हटले आहे, तर दुसऱ्या एका हदीसमध्ये गरीब नवऱ्या मुलाला मेहरसाठी निदान लोखंडाची अंगठी तरी शोधून आणायला सांगितले आहे. अशा वादातल्या धातूला कलंदर आणि हैदरी फकिरांनी अंगावर घेतले, ते समजून उमजून. खुरासानातल्या कुतुबुद्दीन हैदर यांचे अनुयायी गळ्यात, मनगटांत आणि कानांत लोखंडी कडी घालत. १४व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने या हैदरींचे वर्णन केले आहे, आणि ब्रह्मचर्य मोडू नये म्हणून ते जननेंद्रियातही कडी अडकवत असल्याचे नोंदवले आहे. देहाला आवर घालणे हा या कड्यांचा एक अर्थ. दुसरा अर्थ सामाजिक आहे. इराणात आणि मध्य आशियात कानातली कडी ही गुलामाची खूण होती. ती स्वखुशीने कानात घालणारा माणूस आपला मालक एकच असल्याचे सांगत होता, आणि लोकांची छीथू पत्करत होता. सुफी विचारात या लोकनिंदेच्या मार्गाला मलामत म्हणतात. प्रतिष्ठेचा मोह धनाच्या मोहापेक्षा चिवट असतो, हे या पंथांनी नेमके ओळखले होते.

मकनपूरच्या शाह मदार यांच्या परंपरेतले मदारी फकीर दख्खनभर हिंडत. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेला आणि हर्क्लॉट्स यांच्या भाषांतराने १८३२ साली लंडनमध्ये छापलेला ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ या फकिरांची तपशीलवार माहिती देतो. काही मदारी घोट्याला साखळी बांधून दुकानासमोर उभे राहत आणि पाय झटकून ती पुढे फेकत, मागे ओढत. रिफाई पंथाच्या फकिराच्या गुर्जालाही (टोकदार लोखंडी गदेलाही) साखळ्या असतात आणि त्यांचा खुळखुळाट ताल धरतो. बघ्यांना हा भीक मागण्याचा खेळ वाटतो, आणि पुष्कळदा तो तसा असतोही. पण बेडी स्वतःच्या हाताने बांधून घेणाऱ्याला आणखी कोणी बांधू शकत नाही, हा त्यातला मूळ विचार खेळाने पुसला जात नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हे लोखंडी कडे परके वाटण्याचे कारण नव्हते. लोहारा आणि सुरजागड इथल्या खनिजाच्या टेकड्या प्रसिद्ध आहेत, आणि या भागात मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळण्याची जुनी रीत होती. गोंडांचा देव फरसापेन लोखंडी भाल्याच्या पात्याच्या रूपात पुजला जातो. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवण्याची चाल तर मराठी घरांतही आहे. लोखंडाने बाधा दूर राहते हा समज इथे फकिराच्या आधीपासूनचा. त्यामुळे गावकऱ्याने फकिराच्या कड्यात रक्षण पाहिले आणि फकिराने त्यात दास्य पाहिले. दोन्ही अर्थ एकाच कड्यात नांदले. त्यांना एकच ठरवून ‘समन्वय’ म्हणण्याची घाई अभ्यासकांनी करू नये.

मण्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. तसबीहचे मणी बहुधा ३३ किंवा ९९, अल्लाच्या ९९ नावांच्या हिशेबाने. कंठ्यातला अकीक दख्खनच्याच काळ्या दगडाचे देणे आहे: लाव्हा थंड होताना खडकात राहिलेल्या पोकळ्यांत तो तयार होतो. खंबायतच्या कारागिरांनी त्याचे मणी जगभर पोचवले, आणि भरूचजवळच्या रतनपूरचे हबशी संत बाबा घोर या धंद्याचे पीर मानले गेले. गिरडच्या टेकडीवर सुपारी-नारळासारखे गोटे सापडतात. शेख फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची कथा. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइट या खनिजाचे गोटे आहेत, आणि झिओलाइटही अकीकाप्रमाणे लाव्हाच्या पोकळ्यांतच घडतो. कथेत संपत्तीचा दगड होतो. कंठ्यात दगडच अलंकार होतो.

सर्वांत धीट अलंकार मात्र बांगड्या. अहमदाबादचे मूसा सुहाग हे १५व्या शतकातले संत स्त्रीवेषात, हातांत बांगड्या भरून राहत. परमेश्वर हाच पती, आणि तो अमर असल्याने हे सौभाग्य अखंड, अशी त्यांची धारणा. अवर्षणात लोकांनी गळ घातली तेव्हा, पाऊस पाडला नाहीस तर बांगड्या फोडीन, असे त्यांनी या पतीला बजावले आणि पाऊस आला, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या मागे सदा सुहाग फकिरांचा छोटा पंथ उभा राहिला. मराठी वाचकाला यात दचकण्यासारखे काही नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पुरुष संत विरहिणीच्या आवाजात बोलतो, आणि यल्लमाचा जोगत्या हिरव्या बांगड्या भरतो. कवितेत एका ओळीपुरते स्त्री होणे वेगळे आणि बाजारातून रोज बांगड्या भरून चालणे वेगळे. पुरुषाने पुरुषपणाचा मान सोडून देणे समाजाला त्याने घरदार सोडण्यापेक्षा जास्त बोचते. म्हणून बांगडीतला त्याग कड्यातल्या त्यागाहून अवघड मानला पाहिजे.

फकिराच्या साजातल्या काही वस्तू गृहस्थाघरी उतरल्या. गळ्यातली शैली म्हणजे दोऱ्याची माळ नाथजोगी आणि फकीर दोघेही घालतात. मोहरममध्ये नवसाच्या मुलाला फकीर करून त्याच्या गळ्यात रंगीत दोरा आणि खांद्याला झोळी देण्याची प्रथा महाराष्ट्रात हिंदू घरांतही होती. एकनाथांच्या चरित्रकथेत दत्तात्रेय मलंग फकिराच्या वेषातच दर्शन देतो. एकनाथांना सुरुवातीला ओळख पटत नाही, यातच त्या वेषाचे सामर्थ्य आहे.

तुर्कस्तानच्या बेक्ताशी पंथाने या खुणांची पक्की परिभाषा केली. गळ्यातल्या दगडाला १२ कोन, ते १२ इमामांचे. अविवाहित दर्वेशाच्या कानात कडी. दख्खनमध्ये इतका काटेकोर कोश कधी बनला नाही. दीक्षेच्या वेळी कफनी, कंठा, तसबीह, शैली अशी एकेक वस्तू मंत्रासारखे शब्द उच्चारून दिली जाई, पण अर्थ पंथागणिक बदलत. एका दागिन्याला एकच अर्थ चिकटवणारी पुस्तके म्हणून दिशाभूल करतात.

जंगलपट्ट्यातल्या गोंड स्त्रिया गोंदणाला खरा दागिना मानतात, कारण मेल्यावर तेवढेच सोबत येते. मेल्यावर सोबत काय न्यायचे आणि मागे काय ठेवायचे, हा प्रश्न सुफींपुढेही होता. चिश्ती परंपरेत गुरूचा खिरका म्हणजे अंगरखा, काठी, तसबीह आणि कटोरा शिष्याकडे जात. शेख फरीदांकडून निजामुद्दीन औलियांकडे आणि त्यांच्याकडून नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांच्याकडे हा ठेवा आला. १३५६ साली चिराग-ए-दिल्ली वारले तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून या वस्तू त्यांच्यासोबत पुरण्यात आल्या. त्यांचे शिष्य गेसूदराज पुढे दख्खनमध्ये गुलबर्ग्याला आले आणि १४२२ साली तिथेच वारले. त्यांनी दख्खनमध्ये चिश्ती परंपरा वाढवली ती या ठेव्याशिवाय.